यकृत प्रत्यारोपणोत्तर पित्तनलिका आकुंचन

यकृत प्रत्यारोपणोत्तर पित्तनलिका आकुंचन म्हणजे प्रत्यारोपित यकृतातून लहान आतड्याकडे पित्तरस वाहून नेणारी नलिका शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी किंवा वर्षांनी अरुंद होणे. वैद्यकीय व्यवहारात या विकाराला ‘बिलिअरी स्ट्रिक्चर’ असे म्हटले जाते. यकृत प्रत्यारोपणानंतर पित्तमार्गात ज्या गुंतागुंती उद्भवतात, त्यांत आकुंचन व पित्तगळती या दोन प्रमुख असून आकुंचनाचे प्रमाण अधिक आहे. मेंदूमृत दात्याचे संपूर्ण यकृत बसवलेल्या रुग्णांत ते साधारणपणे ५ ते १५ टक्के, तर जिवंत दात्याच्या यकृताचा भाग बसवलेल्या रुग्णांत ३० टक्क्यांच्या आसपास नोंदवले गेले आहे. भारतात बहुसंख्य यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्यांकडून होत असल्यामुळे या गुंतागुंतीला येथे विशेष महत्त्व आहे. वेळीच ओळखले गेल्यास बहुतेक रुग्णांत पोट न उघडता, दुर्बिणीच्या साहाय्याने उपचार होऊ शकतात. दुर्लक्ष झाल्यास मात्र वारंवार जंतुसंसर्ग होतो, नव्या यकृतातही काठिण्य येऊ लागते आणि क्वचित दुसरे प्रत्यारोपण करण्याची वेळ येते.

पार्श्वभूमी

यकृत दररोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. यकृताच्या उजव्या व डाव्या भागातून येणाऱ्या नलिका यकृताच्या मुखाशी एकत्र येतात. पुढे पित्ताशयाची नलिका त्यांना मिळते आणि तयार झालेली सामाईक पित्तनलिका लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे आद्यांत्रात उघडते. या मुखाशी असलेला वर्तुळाकार स्नायू पित्तरसाचा प्रवाह नियंत्रित करतो आणि आतड्यातील जंतू वर चढू देत नाही. प्रत्यारोपणात ही नलिका कापावी लागते व दात्याची नलिका रुग्णाच्या उरलेल्या नलिकेला किंवा थेट आतड्याला जोडावी लागते.

यकृताला दोन मार्गांनी रक्त मिळते. बहुतांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून आणि उरलेले यकृत-धमनीतून येते. यकृताच्या पेशी या दोन्हींवर जगतात; पित्तनलिका मात्र जवळजवळ पूर्णपणे धमनीवर अवलंबून असतात. निरोगी व्यक्तीच्या सामाईक पित्तनलिकेला खालून, आद्यांत्राच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांतूनही मोठा पुरवठा होतो. प्रत्यारोपणात दात्याची नलिका कापली की खालचा हा पुरवठा कायमचा तुटतो आणि तिला केवळ वरून, नव्याने जोडलेल्या धमनीतून रक्त मिळते. त्यामुळे दात्याच्या नलिकेचे कापलेले टोक हाच तिचा रक्ताच्या दृष्टीने सर्वांत दुर्बळ भाग ठरतो, आणि शल्यचिकित्सकाला टाके मात्र नेमके तेथेच घालावे लागतात. दात्याची नलिका शक्य तितकी आखूड ठेवावी, तिच्या भोवतालची मऊ ऊती खरवडून काढू नये, हे नियम यातूनच आले आहेत.

मानवातील पहिले यकृत प्रत्यारोपण अमेरिकेतील डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये केले. तो रुग्ण जन्मतःच पित्तनलिका बंद असलेला बालक होता व तो वाचू शकला नाही. दीर्घकाळ जगलेले रुग्ण १९६७ पासून दिसू लागले. त्या काळात पित्तगळती, नलिकेचा रोध व त्यातून होणारा जंतुसंसर्ग ही मृत्यूची मोठी कारणे होती. केंब्रिज येथे १९६८ पासून यकृत प्रत्यारोपण करणारे रॉय काल्न यांनी पित्तनलिकेच्या जोडणीला या शस्त्रक्रियेची अकिलीसची टाच म्हटले होते. रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र, औषधे आणि अतिदक्षता सेवा यांत मोठी प्रगती झाल्यानंतरही ही उपमा आजतागायत वापरली जाते, यावरून या प्रश्नाचा चिवटपणा लक्षात येतो.

प्रकार आणि कारणे

आकुंचनाचे दोन प्रकार मानले जातात आणि ते जवळजवळ दोन वेगळे आजार आहेत. उपचाराचा मार्ग व रुग्णाचे भवितव्य दोन्ही यावर ठरत असल्याने निदानात हा भेद प्रथम केला जातो.

पहिला प्रकार जोडाच्या जागी होणाऱ्या आकुंचनाचा. दात्याची व रुग्णाची नलिका जेथे शिवलेली असते, तेथेच थोड्या लांबीचा एक अरुंद भाग तयार होतो. एकूण आकुंचनांपैकी सुमारे ८० टक्के या प्रकारची असतात व त्यांतील बहुतेक पहिल्या वर्षात प्रकट होतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसणारी अरुंदता अनेकदा सूज, दोन नलिकांच्या व्यासातील तफावत किंवा टाक्यांचा ताण यांमुळे असते. नंतर दिसणारी अरुंदता रक्तपुरवठा अपुरा पडल्याने तयार झालेल्या व्रण-ऊतीमुळे येते. जोडातून पूर्वी पित्तगळती झाली असल्यास आकुंचनाची शक्यता बरीच वाढते, कारण गळलेले पित्त भोवतालच्या ऊतींचा दाह घडवते आणि भरून येताना ती जागा आवळली जाते.

दुसरा प्रकार जोडापासून दूर, यकृताच्या मुखाशी किंवा यकृताच्या आत होणाऱ्या आकुंचनांचा. ही अनेक असतात, लांब असतात व पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या शाखांत पसरलेली असतात. यकृत-धमनीत गुठळी होणे हे त्यांचे सर्वांत गंभीर कारण आहे. याखेरीज यकृत बर्फात दीर्घकाळ राहणे, दात्याचे हृदय थांबल्यानंतर यकृत काढलेले असणे, रक्तगट न जुळणारा दाता, दीर्घकालीन रिजेक्शन आणि मूळ आजाराची पुनरावृत्ती ही कारणे आढळतात. या रुग्णांत नलिकेचे आतले अस्तर सोलवटून निघते. त्याचे तुकडे, घट्ट झालेले पित्त व खडे मिळून नलिकेच्या आकाराचे साचे तयार होतात आणि ते मार्ग बुजवतात. जोडाच्या जागचे आकुंचन उपचाराला चांगला प्रतिसाद देते. दुसऱ्या प्रकारात प्रतिसाद अनिश्चित असतो.

जिवंत दात्याच्या यकृतातील विशेष अडचणी

जिवंत दात्याकडून प्रौढ रुग्णासाठी बहुधा यकृताचा उजवा भाग घेतला जातो. मेंदूमृत दात्याच्या बाबतीत जोडण्यासाठी सामाईक पित्तनलिका मिळते; येथे मिळतात त्या तिच्या शाखा. त्यांचा व्यास पुष्कळदा ३ ते ४ मिलिमीटर एवढाच असतो. उजव्या भागातील पुढची व मागची शाखा काही व्यक्तींत मुख्य नलिकेला मिळण्याआधी एकत्र येत नाहीत, त्यामुळे कापलेल्या पृष्ठभागावर दोन आणि कधी तीन तोंडे दिसतात. प्रत्येक तोंड स्वतंत्रपणे किंवा शेजारची दोन एकत्र शिवून जोडावे लागते, आणि प्रत्येक जोड हे भावी आकुंचनाचे संभाव्य स्थान असते.

नलिका नेमकी कोठे कापायची हा या शस्त्रक्रियेतील सर्वांत नाजूक निर्णयांपैकी एक आहे. ती मुख्य नलिकेच्या जवळ कापली तर रुग्णाला एकच रुंद तोंड मिळते, परंतु दात्याच्या उरलेल्या नलिकेला इजा होण्याची किंवा ती पुढे आवळली जाण्याची भीती असते. यकृताच्या बाजूला सरकून कापली तर दाता सुरक्षित राहतो व रुग्णाच्या वाट्याला दोन लहान तोंडे येतात. दाता हा निरोगी माणूस असून शस्त्रक्रियेचा कोणताही शारीरिक लाभ त्याला होत नाही. म्हणून संशय असल्यास दात्याच्या बाजूने निर्णय घ्यावा, असा सर्वमान्य दंडक आहे. जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणात आकुंचन अधिक दिसते यामागे हा जाणीवपूर्वक स्वीकारलेला भार आहे. केवळ तांत्रिक उणीव म्हणून त्याकडे पाहणे योग्य ठरत नाही.

नंतरच्या महिन्यांत आणखी एक बदल घडतो. बसवलेला भाग वेगाने वाढतो आणि वाढताना थोडा फिरतो. परिणामी जोडाच्या जागी नलिकेला तीव्र बाक येतो. अरुंदपणा फारसा नसतानाही अशा बाकातून दुर्बिणीची तार वर सरकवणे कठीण जाते.

लक्षणे

पित्तनलिकेत अडथळा आल्यास सामान्यतः पोटाच्या उजव्या वरच्या भागात कळ येते. प्रत्यारोपित यकृताच्या मज्जातंतूंचा संबंध तुटलेला असल्यामुळे या रुग्णांत ती कळ बहुधा नसते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्याने तापही कधी सौम्य राहतो. अनेकांत पहिली खूण म्हणजे नियमित रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज व गॅमा जीटी या विकरांची वाढलेली पातळी. रुग्णाला त्या वेळी काहीही जाणवत नसते. त्यानंतर अंगाला, विशेषतः तळहात व तळपायांना खाज सुटणे, लघवी गडद होणे, शौचाचा रंग फिका पडणे आणि डोळे पिवळे होणे ही लक्षणे येतात.

थंडी वाजून ताप, कावीळ आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही पित्तमार्गातील जंतुसंसर्गाची लक्षणे असून ती तातडीची अवस्था आहे. पश्चिम किनारपट्टीवर, विशेषतः मुंबईत पावसाळ्याच्या महिन्यांत, हीच लक्षणे हिवताप, लेप्टोस्पायरोसिस किंवा दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए व ई या काविळींचीही असतात. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला हे आजारही होऊ शकतात, त्यामुळे त्यांच्या चाचण्या आवश्यकच असतात. मात्र हिवतापाच्या गोळ्या देऊन काही दिवस वाट पाहण्यात अडलेल्या नलिकेतील संसर्ग रक्तात पसरण्याचा धोका आहे. त्यामुळे असा ताप आल्यास प्रत्यारोपण केंद्राला त्याच दिवशी कळवावे, असे रुग्णांना घरी पाठवताना सांगितले जाते.

निदान

रक्ततपासणीतील बिघाड केवळ आकुंचनामुळेच होतो असे नाही. रिजेक्शन, औषधांचा दुष्परिणाम, सायटोमेगालोव्हायरसचा संसर्ग आणि मूळ हिपॅटायटिसची पुनरावृत्ती यांतही असेच आकडे दिसतात. यांपैकी रिजेक्शनचा उपचार म्हणजे प्रतिकारशक्ती आणखी दाबणे. नलिकेत जंतुसंसर्ग असताना तो उपचार दिला गेल्यास परिणाम गंभीर होऊ शकतात. म्हणून शंका राहिल्यास यकृताचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला जातो.

पहिली तपासणी सोनोग्राफीची असते. तिच्यासोबत डॉप्लर पद्धतीने यकृत-धमनीतील रक्तप्रवाह पाहणे अनिवार्य मानले जाते, कारण धमनी बंद असेल तर पुढचा सगळा विचार बदलतो. सोनोग्राफीला एक मर्यादा आहे. अडथळा आल्यावर मूळ यकृतातील नलिका फुगतात. प्रत्यारोपित यकृतातील नलिका अडथळा असूनही पुष्कळदा फुगत नाहीत. ‘नलिका फुगलेल्या नाहीत’ या अहवालाने म्हणूनच आकुंचन नाही असे सिद्ध होत नाही. एमआरसीपी ही चुंबकीय अनुनादावर आधारित तपासणी पित्तमार्गाचा संपूर्ण नकाशा देते. तिच्यात शरीरात कोणतेही उपकरण घालावे लागत नाही आणि आकुंचन ओळखण्याची तिची क्षमता ९० टक्क्यांहून अधिक आहे. किती जोड आहेत, कोणत्या शाखेत अडथळा आहे आणि त्या शाखेपर्यंत दुर्बिणीने पोहोचता येईल का, याचा अंदाज या चित्रांवरून बांधला जातो. प्रत्यारोपणाच्या वेळी शल्यचिकित्सकाने लिहिलेले टिपण, विशेषतः जोडांची संख्या व आकृती, या टप्प्यावर अत्यंत उपयोगी पडते. रुग्णाने दुसऱ्या शहरात उपचार घेण्याचे ठरवल्यास ते सोबत असणे आवश्यक असते.

दुर्बिणीद्वारे उपचार

नलिकेला नलिका जोडलेली असल्यास ईआरसीपी हा प्रथम पसंतीचा उपचार आहे. यात तोंडावाटे बाजूला पाहणारी दुर्बीण आद्यांत्रापर्यंत नेली जाते, पित्तनलिकेच्या मुखातून बारीक नळी वर सरकवून रंगद्रव्य सोडले जाते आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर आकुंचनाची जागा पाहिली जाते. ही पद्धत १९६८ मध्ये निदानासाठी सुरू झाली. १९७४ मध्ये जपान व जर्मनीत मुखाजवळचा स्नायू दुर्बिणीतून कापण्याचे तंत्र विकसित झाले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस नलिकेत प्लॅस्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, बसवता येऊ लागला. या टप्प्यांमुळे तपासणीचे साधन उपचाराचे साधन बनले.

प्रक्रियेतील कळीचा क्षण म्हणजे आकुंचनातून मार्गदर्शक तार पार नेणे. तार गेली की तिच्यावरून फुगा नेऊन अरुंद भाग ४ ते १० मिलिमीटरपर्यंत ताणला जातो. किती ताणायचे हे दोन्ही बाजूंच्या नलिकेच्या मूळ रुंदीवर ठरते. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जोड पुरेसा भरून आलेला नसल्याने जोरात ताणल्यास तो फाटू शकतो. त्या काळात बहुधा फुगा टाळून केवळ स्टेंट ठेवला जातो. नुसते ताणून सोडून दिलेले आकुंचन पुष्कळ रुग्णांत पुन्हा आवळते. व्रण-ऊती हळूहळू नव्या आकारात स्थिरावेपर्यंत मार्ग उघडा ठेवावा लागतो, म्हणून ताणल्यानंतर स्टेंट बसवणे ही रूढ पद्धत झाली आहे.

प्लॅस्टिक स्टेंटची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात; ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. साधारण १० फ्रेंचचा, म्हणजे ३.३ मिलिमीटर जाडीचा स्टेंट वापरला जातो. तीन महिन्यांच्या सुमारास त्यात जंतूंचा थर व गाळ साचून तो बुजतो, म्हणून तो ठराविक काळाने बदलणे भाग असते. प्रत्येक फेरीत फुगा थोडा मोठा घेतला जातो आणि शेजारी आणखी एक स्टेंट ठेवला जातो. एक, मग दोन, मग तीन अशी संख्या वाढवत सुमारे वर्षभर उपचार चालतो. शेवटी सर्व स्टेंट काढून रंगद्रव्य सोडून पाहिले जाते. मेंदूमृत दात्याच्या यकृतातील जोड-आकुंचनात या पद्धतीचे यश ७० ते ९० टक्के व त्याहून अधिकही नोंदवले गेले आहे. जिवंत दात्याच्या यकृतात ते त्याहून कमी असते. बऱ्या झालेल्यांपैकी काहींत आकुंचन पुन्हा होते, तरीही बहुधा दुर्बिणीनेच पुन्हा उपचार करता येतात.

वर्षात चार-पाच वेळा भूल घेऊन ही प्रक्रिया करणे रुग्णाला व कुटुंबाला जड जाते. त्याला पर्याय म्हणून संपूर्ण आच्छादित, स्वतःहून उमलणारे धातूचे स्टेंट वापरात आले. त्यांचा व्यास ८ ते १० मिलिमीटर असतो. म्हणजे एकच धातूचा स्टेंट तीन प्लॅस्टिक स्टेंटचे काम करतो. तो काही महिने ठेवून काढला जातो. २०१६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ११२ रुग्णांच्या यादृच्छिक अभ्यासात, ज्यात प्रत्यारोपणाखेरीज इतर सौम्य आकुंचनेही होती, धातूच्या स्टेंटने ९२.६ टक्के तर प्लॅस्टिक स्टेंटने ८५.४ टक्के रुग्णांत आकुंचन दूर झाले. धातूच्या गटात ईआरसीपीच्या फेऱ्याही कमी लागल्या. मात्र ६ मिलिमीटरपेक्षा अरुंद नलिका असलेले रुग्ण त्या अभ्यासातून वगळले होते. भारतातील पुष्कळ रुग्ण नेमके वगळलेल्या गटात मोडतात. लहान शाखांत धातूचा जाड स्टेंट बसत नाही, आणि बसवलाच तर त्याचे आच्छादन शेजारच्या शाखेचे तोंड झाकून टाकू शकते. याखेरीज तो जागेवरून घसरण्याची शक्यताही असते. त्यामुळे जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणात प्लॅस्टिक स्टेंटचे स्थान अद्याप टिकून आहे.

काही वेळा क्ष-किरणांच्या पडद्यावर आकुंचनाचे तोंडच सापडत नाही. अशा वेळी मोठ्या दुर्बिणीतून एक अतिशय बारीक दुर्बीण थेट पित्तनलिकेत घालून तोंड डोळ्यांनी पाहून तार पार केली जाते. यकृतात खडे किंवा साचे असतील तर ते फोडून काढण्यासाठीही तिचा उपयोग होतो.

ईआरसीपीचे धोके सर्वपरिचित आहेत. स्वादुपिंडाचा दाह हा त्यांतील सर्वांत अधिक आढळणारा असून तो टाळण्यासाठी गुदद्वारावाटे इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅक दिले जाते. रक्तस्राव, आतड्याला छिद्र पडणे व जंतुसंसर्ग हे अन्य धोके होत. प्रत्यारोपित रुग्णांना प्रक्रियेपूर्वी प्रतिजैविके दिली जातात.

त्वचेमार्गे उपचार

पित्तनलिका थेट आतड्याच्या वळवलेल्या फाट्याला जोडलेली असेल तर नेहमीची दुर्बीण त्या जोडापर्यंत पोहोचत नाही. स्विस शल्यचिकित्सक सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाणारी ही जोडणी बालरुग्णांत, पित्तनलिकांच्या काही जुन्या आजारांत आणि रुग्णाची स्वतःची नलिका वापरण्याजोगी नसल्यास केली जाते. अशा रुग्णांत इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट सोनोग्राफी व क्ष-किरणांच्या मदतीने बरगड्यांमधून यकृतातील नलिकेत सुई घालतात, तिच्यातून तार आकुंचनापलीकडे नेतात, फुग्याने मार्ग रुंद करतात आणि पित्त वाहून नेणारी नळी ठेवतात. या नळीचे एक टोक आतड्यात व दुसरे शरीराबाहेर असते. काही आठवड्यांच्या अंतराने ती अधिक जाड नळीने बदलली जाते.

हा उपचार परिणामकारक असला तरी रुग्णाला महिनोन्‌महिने कुशीत नळी बाळगावी लागते. तिच्याभोवतीची त्वचा स्वच्छ ठेवणे, पट्टी बदलणे, नळी ओढली जाणार नाही याची काळजी घेणे आणि बाहेरच्या पिशवीतून पित्त वाहत असेल तर गेलेले पाणी व क्षार भरून काढणे, ही कामे घरच्यांना शिकून घ्यावी लागतात. दमट हवेत पट्टीखाली त्वचा लवकर खराब होते.

दुर्बिणीने तार वर जात नसेल आणि त्वचेतून खाली येत असेल, तर दोन्ही पथके एकाच वेळी काम करतात. वरून घातलेली तार आद्यांत्रात पकडून दुर्बिणीतून बाहेर ओढली जाते व पुढचा उपचार दुर्बिणीने पूर्ण होतो. मार्ग पूर्णतः बंद असल्यास चुंबकांचाही उपयोग केला जातो. एक लहान चुंबक त्वचेमार्गे अडथळ्याच्या वर, दुसरा दुर्बिणीने खाली ठेवतात. ते एकमेकांना खेचून मधली ऊती दाबतात आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत तेथे नवा मार्ग तयार होतो. जपान व दक्षिण कोरिया या जिवंत दात्यांच्या प्रत्यारोपणात अग्रेसर असलेल्या देशांत या तंत्राचा विकास झाला.

शस्त्रक्रिया आणि पुनर्प्रत्यारोपण

दुर्बीण व त्वचेमार्गे केलेले उपचार अपयशी ठरल्यास नलिकेचा जुना जोड सोडवून ती आतड्याच्या फाट्याला जोडली जाते. पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे चिकटलेल्या ऊतींत, नव्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी हे काम करावे लागत असल्याने ते अवघड असते. तरी योग्य रुग्णात त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. यकृतभर पसरलेली आकुंचने, बंद झालेली धमनी व वारंवार होणारा रक्तातील जंतुसंसर्ग असलेल्या रुग्णांत मात्र दुसरे प्रत्यारोपण हाच अखेरचा उपाय उरतो. भारतात अशा रुग्णासाठी दुसरा नातेवाईक दाता मिळणे किंवा प्रतीक्षायादीतून मेंदूमृत दात्याचे यकृत मिळणे, दोन्ही कठीण असते.

औषधे

औषधांनी आकुंचन उघडत नाही. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल पित्त पातळ राहावे म्हणून दिले जाते. काविळीतील खाजेवर वापरले जाणारे रिफाम्पिसिन हे औषध टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी झपाट्याने खाली आणते आणि त्यातून रिजेक्शन ओढवू शकते. रिफाम्पिसिन हे क्षयरोगाच्या उपचारातील प्रमुख औषध असल्याने आणि क्षयरोग या भागात सर्रास आढळत असल्याने हा मुद्दा येथे अधिक व्यवहार्य आहे. उलटपक्षी क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके टॅक्रोलिमसची पातळी वाढवून मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. तापासाठी जवळच्या दवाखान्यातून औषध घेताना प्रत्यारोपणाची कल्पना देणे म्हणून आवश्यक ठरते.

विसरलेला स्टेंट

स्टेंट बसवल्यानंतर कावीळ उतरते, खाज थांबते, भूक लागते आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. पुढची तारीख टळण्यास हेच पुरेसे असते. खर्च, प्रवास, रजा न मिळणे ही कारणेही त्यात भर घालतात. मुदत उलटून गेलेला प्लॅस्टिक स्टेंट बुजतो, त्याच्याभोवती खडे तयार होतात, आणि मार्ग मोकळा ठेवण्यासाठी घातलेली वस्तूच अडथळा बनते. धातूचा स्टेंट वेळेत न काढल्यास त्याच्या टोकांशी ऊती वाढून तो काढणे अवघड होते. स्टेंटचा प्रकार, संख्या, बसवल्याची तारीख व बदलण्याची तारीख रुग्णाला लेखी देणे आणि केंद्राने त्याची स्वतंत्र नोंदवही ठेवणे हा यावरचा साधा व परिणामकारक उपाय आहे.

प्रतिबंध

जोडणीचे नाजूक तंत्र, आखूड व सुपोषित नलिका, ताणरहित टाके, धमनीच्या जोडणीवर सूक्ष्म लक्ष आणि यकृत बर्फात राहण्याचा काळ कमी ठेवणे यांवर प्रतिबंधाचा भर असतो. जिवंत दात्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेपूर्वी एमआरसीपी करून शाखांची रचना पाहिली जाते व शस्त्रक्रियेदरम्यान रंगद्रव्याने तिची पुन्हा खात्री केली जाते. अलीकडच्या काळात काढलेले यकृत बर्फात नुसते न ठेवता यंत्राद्वारे त्यातून प्राणवायुयुक्त थंड द्रव फिरवण्याची पद्धत पुढे आली आहे. हृदय थांबलेल्या दात्यांच्या यकृतांवर युरोपात झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडाव्यतिरिक्त होणाऱ्या आकुंचनांचे प्रमाण या पद्धतीने १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आल्याचे दिसले. जिवंत दात्यांच्या प्रत्यारोपणात यकृत काही तासांतच बसवले जात असल्याने त्या यंत्राचा लाभ मर्यादित आहे.

मुंबईतील स्थिती

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला. महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना तो प्रथमपासून लागू होता. देशातील जिवंत दात्याकडून झालेले पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्ली येथे एका बालकावर झाले. त्यालाही जन्मतः पित्तनलिका बंद असण्याचाच विकार होता. मुंबईत मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत होते. त्याचे कार्यालय शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या आवारात आहे. पश्चिम भारतासाठीची प्रादेशिक संस्था परळच्या केईएम रुग्णालयात आहे. तरीही देशभर होणाऱ्या यकृत प्रत्यारोपणांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक जिवंत दात्यांकडूनच होतात, आणि पित्तनलिकेच्या आकुंचनाचा भार त्याच प्रमाणात वाढतो.

दक्षिण व मध्य मुंबईत या उपचारांशी संबंधित संस्था एकमेकींपासून थोड्याच अंतरावर आहेत. परळ येथे १९२६ पासून कार्यरत असलेल्या केईएम रुग्णालयाच्या पचनसंस्था विभागात दुर्बिणीद्वारे उपचार होतात. तेथून जवळच असलेल्या, पूर्वी ग्लोबल रुग्णालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयात यकृत प्रत्यारोपण केंद्र आहे. गिरगावात फणसवाडी, ठाकूरद्वार या जुन्या वस्त्यांपासून पायी जाण्याच्या अंतरावर, प्रार्थना समाजाजवळ, सर हरकिसनदास नरोत्तमदास यांच्या नावाचे रुग्णालय आहे. नूतनीकरणानंतर ते २०१४ मध्ये सर एच. एन. रिलायन्स फाउंडेशन रुग्णालय या नावाने पुन्हा सुरू झाले. ईआरसीपीच्या क्षेत्रातील कार्यासाठी ओळखले जाणारे मुंबईचे डॉ. अमित मायदेव यांना २०१३ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

कोकण, पश्चिम महाराष्ट्र व खानदेशातून मुंबईत प्रत्यारोपणासाठी आलेल्या रुग्णांना आकुंचन झाल्यास दर तीन महिन्यांनी परत यावे लागते. प्रत्येक वेळी सोबत एक नातेवाईक, राहण्याची सोय आणि बुडालेली मजुरी किंवा रजा यांचा भार पडतो. जिवंत दाता घरचाच असल्यास तोही त्या काळात शस्त्रक्रियेतून सावरत असतो. प्रत्यारोपणाच्या खर्चाचा जो अंदाज आरंभी दिला जातो, तो बहुधा शस्त्रक्रिया व रुग्णालयातील वास्तव्यापुरता असतो. आकुंचनाची शक्यता जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणात साधारण तीन रुग्णांत एकाला असल्याने पुढील वर्षभरातील ईआरसीपी, स्टेंट व प्रवास यांची तरतूद त्या अंदाजात धरणे आणि त्याविषयी संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी रुग्ण व दाता या दोघांशीही बोलणे, हे समुपदेशनाचे अंग मानले जाते.